'बोहेमियन रॅप्सडी': ऑस्कर चार मिळाले, पण सिनेमा केला कोणी?

रिळवाला (धागाकर्ता)

क्वीन बँडवरचा हा सिनेमा (२०१८) चांगला की वाईट, यावर भरपूर दळण दळून झालंय. मला वाद घालायचाय तो श्रेयनामावलीचा.

पडद्यावर दिग्दर्शक म्हणून नाव येतं एकट्या ब्रायन सिंगरचं. सप्टेंबर २०१७ मध्ये लंडनला चित्रीकरण सुरू झालं आणि ४ डिसेंबरला ट्वेन्टिएथ सेंचुरी फॉक्सने त्याला काढलं. सेटवरची गैरहजेरी भोवली. दोनच दिवसांत डेक्स्टर फ्लेचरचं नाव जाहीर झालं. उरलेलं दोन-तीन आठवड्यांचं काम त्याने निभावलं आणि त्याचं नाव गेलं कार्यकारी निर्मात्यांच्या यादीत. काही वर्षांपूर्वी हाच फ्लेचर याच सिनेमाचा दिग्दर्शक म्हणून ठरला होता आणि मतभेद होऊन बाहेर पडला होता, हे आणखी वर.

फेब्रुवारी २०१९ मध्ये चार ऑस्कर मिळाले: अभिनयाचं रामी मालेकला, संकलनाचं जॉन ऑटमनला, ध्वनिसंकलनाचं जॉन वॉरहर्स्ट आणि नीना हार्टस्टोन यांना, ध्वनिमिश्रणाचं पॉल मॅसी, टिम कॅव्हॅगिन आणि जॉन कसाली यांना. दिग्दर्शनाचं नामांकनसुद्धा नव्हतं.

माझं म्हणणं सरळ आहे. सिंगर की फ्लेचर हा वादच फिजूल. हा सिनेमा ध्वनिवाल्यांनी आणि संकलकाने उभा केला. हरकती येऊ द्या.

शिसपेन्सिल

साफ असहमत. ज्या लाइव्ह एडच्या प्रसंगासाठी (लंडनच्या वेम्बली मैदानावरचा १९८५ चा मदतनिधी कार्यक्रम, सिनेमाचा शेवट) लोक दोन-दोनदा थिएटरात गेले, तो पहिल्याच आठवड्यात चित्रित झालाय, म्हणजे सिंगर खुर्चीत असताना. हर्टफर्डशरमधल्या बोविंग्डनच्या जुन्या विमानतळावर वेम्बलीचा रंगमंच मूळ मापात बांधला होता, मागच्या खोल्यांसकट. नटांची एकमेकांशी धड ओळख झालेली नसताना क्लायमॅक्स आधी घ्यायचा, एकेक गाणं वेगळं घेऊन शेवटी सगळं सलग करून घ्यायचं, हा निर्णय ध्वनिमुद्रकाचा नसतो.

आणि छायाचित्रकार न्यूटन थॉमस सिगलला विसरलात. सुरुवातीच्या काळासाठी जुन्या कूक स्पीड पँक्रो लेन्स, कडा जराशा मऊ, उजेड पसरणारा. बँड मोठा झाल्यावर अलेक्सा ६५ या कॅमेऱ्याचा मोठा सेन्सर. एक संवाद न बोलता दशक बदलल्याचं कळतं. याला काय ध्वनिमिश्रण म्हणायचं?

फेडर_खाली

शिसपेन्सिल, सिगलबद्दल सहमत. पण लाइव्ह एडचं श्रेय इतक्या पटकन वाटू नका. तिथे आवाजाचं काय काय केलंय ते बघा.

फ्रेडी मर्क्युरीचा, म्हणजे मालेकने साकारलेल्या क्वीनच्या गायकाचा, गाता आवाज तीन ठिकाणांहून आलाय: क्वीनच्या मूळ मल्टिट्रॅक टेपा (प्रत्येक आवाज वेगळा मुद्रित केलेल्या), कॅनडाचा गायक मार्क मार्टेल आणि स्वतः मालेक. कुठल्या ओळीत कोण, हे निर्मात्यांनी सांगितलेलं नाही. पण तर्काने कळतं. लाइव्ह एडला मूळ ध्वनिमुद्रण आहेच. पियानोवर चाल चाचपताना, गाडीच्या मागे उभं राहून गिटारवाला ब्रायन मे आणि ड्रमर रॉजर टेलर यांना गाऊन दाखवताना, अशा जागांची टेप जगात कुठेच असणार नाही. तिथे दुसरा गळा लागणारच.

आता जोडकाम. मालेक सेटवर खरंच मोठ्याने गात होता. हे का, तर नुसते ओठ हलवले की ओठ जुळतात, पण मानेच्या शिरा, घाटीची वर-खाली, छातीचा भाता काहीच जुळत नाही. बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही, फक्त खोटं वाटत राहतं. मग मालेकच्या माइकवर आलेले श्वास, ओळ संपल्यावरची धाप, ओठ उघडतानाची चटक हे सगळं वेचून फ्रेडीच्या टेपेला जोडायचं. हे काम फसतं ते 'प', 'ब', 'म' या अक्षरांवर, कारण तिथे ओठ मिटलेले दिसायलाच हवेत. सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे एक फ्रेम साधारण ४२ मिलिसेकंद. स्वर दोन फ्रेम सरकला तर खपून जातो. 'ब' सरकला की डोळ्याला खुपतो.

पुढची पायरी जागेची. स्टुडिओतला कोरडा ट्रॅक मैदानात वाजतोय असं वाटत नाही, कितीही कृत्रिम रिव्हर्ब (घुमारा) घाला. म्हणून लंडनच्या ओटू अरीनात क्वीन आणि अ‍ॅडम लॅम्बर्टच्या (आता त्यांच्याबरोबर गाणारा गायक) कार्यक्रमासाठी लावलेल्या पीएवर, म्हणजे मोठ्या स्पीकरांवर, हे ट्रॅक रिकाम्या सभागृहात वाजवले आणि वेगवेगळ्या अंतरावरच्या माइकांनी पुन्हा टिपले. प्रेक्षकांचे आवाज आणि पायांचा ठेका त्यांच्या खऱ्या कार्यक्रमातून घेतला.

ढणढणे

ओटूला छप्पर आहे हो. वेम्बलीचं मैदान वरून उघडं. बंद सभागृहाचा घुमारा मैदानाला चिकटवला तर कान पकडणारच की.

फेडर_खाली

बरोबर शंका. म्हणूनच जवळचे, मधले आणि लांबचे माइक एकत्र मिसळून ठेवत नाहीत, वेगळे ट्रॅक ठेवतात. कॅमेरा मालेकच्या खांद्यापाशी असला की जवळचे वर, प्रेक्षकांच्या मागून असला की लांबचे वर. छपरामुळे रेंगाळणाऱ्या आवाजाची शेपटी लांबच्या माइकांत जास्त येते. तेवढीच छाटायची आणि उरलेल्यावर गर्दी पसरायची. शंभर टक्के वेम्बली कोणालाच मिळत नाही. पण कॅमेऱ्याबरोबर आवाजाचं अंतर बदललं की मेंदू बाकीचं माफ करतो.

नीना हार्टस्टोन आणि मंडळींचं ऑस्कर याच वेचणी-जोडणीसाठी, मॅसीच्या चमूचं पातळ्या बसवण्यासाठी. ही दोन ऑस्कर २०२१ च्या सोहळ्यापासून एक झाली. आज सिनेमा आला असता तर चारांची तीनच झाली असती.

कात्रीछाप

ध्वनी ठीक. पण संकलनाचं ऑस्कर? अहो, बँड पहिल्यांदा मॅनेजर जॉन रीडला भेटतो तो बाहेरच्या टेबलावरचा प्रसंग परत बघा. पावणेदोन मिनिटांत साठेक कट! कोणी उत्तर देण्याआधी कट, मान हलली की कट, खुर्चीत बसताना कट. ऑस्करनंतर एका व्हिडिओने याची यथेच्छ चिरफाड केली आणि ती जगभर फिरली.

कट मारायला कारण तीनच: नवी माहिती, कोणाची तरी प्रतिक्रिया, किंवा नजर जिथे वळली ती जागा. त्या प्रसंगात अर्ध्याहून जास्त कटांना यातलं एकही लागू पडत नाही. रीड विचारतो, तुमच्यात वेगळं काय? हा प्रश्न म्हणजे पुढच्या सगळ्या सिनेमाचा खुंटा, आणि नेमका त्या वेळी प्रेक्षक चेहरे मोजतोय.

रिळवाला

तो प्रसंग ऑटमनलाही आवडत नाही, त्याने जाहीरपणे सांगितलंय. पण तो असा झाला कसा, हे बघाल की नाही?

टेबलाभोवती सहाजण. प्रत्येकाचा एकट्याचा शॉट, जोड्यांचे शॉट आणि एक मास्टर (सगळे एकत्र दिसणारा सलग शॉट), एवढं तरी हातात येतं. मास्टरमध्ये बोलण्याचा वेग एक आणि एकट्याच्या शॉटमध्ये दुसरा असेल तर मास्टरवर थांबताच येत नाही. त्यात पहिला भाग आटोपशीर करण्याचा रेटा. मधली दोन वाक्यं उडवली की सलगता तुटते. ती तूट झाकायला तिसऱ्याच माणसाचा चेहरा टाकावा लागतो. दोन ठिकाणी झाकाझाकी केली की चटपटीतपणा बाकीच्या प्रसंगालाही लावावा लागतो, नाहीतर ठिगळं दिसतात. साठ कट होतात ते असे, हौसेने नाही.

आणि दोन दिग्दर्शकांचं साहित्य एका ठेक्यात बसवलंय, हे विसरू नका. सिंगरचा भाग कुठे संपला आणि फ्लेचरचा कुठे सुरू झाला, सांगून दाखवा.

कात्रीछाप

सांगता येत नाही, मान्य. पण मग ते ऑस्कर बचावकार्याचं झालं, संकलनाचं नव्हे. अपघात झालेली गाडी नीट रंगवली म्हणून तिला त्या वर्षीची सर्वोत्तम गाडी म्हणत नाहीत.

मधली_सुट्टी

कात्रीछाप +१

शिसपेन्सिल

नटांचं कोणी बोलतच नाहीये. 'मालेकने नक्कल केली' हा शेरा ठरलेला, म्हणून आधीच उत्तर देऊन ठेवतो.

त्याच्याबरोबर नृत्यदिग्दर्शक नव्हता, हालचालींची प्रशिक्षक होती, पॉली बेनेट. फरक मोठा आहे. नृत्यदिग्दर्शक स्टेप बसवतो. बेनेटने हालचाल कुठून येते ते शोधलं. शाळेत फ्रेडी मुष्टियुद्ध खेळायचा, वरचे चार दात जास्तीचे असल्यामुळे ओठ सतत झाकायला जायचा. दातांचा साचा मालेकने चित्रीकरणाच्या कितीतरी आधीपासून घालून ठेवला, त्यामुळे ओठ दातांवर ओढून घेण्याची लकब सवयीतून आली. सेटवर पहिल्यांदा खोटे दात लावले की 'स' आणि 'श' घसरतात आणि नट सगळं लक्ष जिभेवर देतो. ते इथे दिसत नाही.

बाकीचे तिघेही तेवढेच पक्के. ग्विलिम लीचा ब्रायन मे बघताना खऱ्या ब्रायनची आठवण काढावी लागत नाही. बेन हार्डीला ड्रम वाजवता येत नव्हते, शिकून बसला. ड्रमरचं सोंग गिटारवाल्यापेक्षा अवघड: काठी झांजेवर पडलेली दिसते त्याच फ्रेमला आवाज यावा लागतो.

टेबललँड

दोन्ही बाजूंचं ऐकून घेतलं. माझ्या मते तुम्ही चुकीच्या खुर्च्यांकडे बघताय. सिनेमा केला ब्रायन मे आणि रॉजर टेलर यांनी, संगीताचे कार्यकारी निर्माते म्हणून. निर्मात्यांमध्ये ग्रॅहम किंगच्या जोडीला जिम बीच, म्हणजे बँडचा मॅनेजर. सुरुवातीची फॉक्सची धूनसुद्धा मेच्या गिटारवर आहे. स्माइल या जुन्या बँडच्या गाण्यासाठी मे आणि टेलर यांनी त्यातला गायक टिम स्टॅफेलला बोलावून ते जवळपास ५० वर्षांनी पुन्हा गायलं, इतका बारकावा. पण जिथे बँडची प्रतिमा आली तिथे बारकावा गुल.

फ्रेडीने एकट्याचा अल्बम करायला घेतला म्हणून बाकीचे दुखावतात आणि बँड फुटतो, असं दाखवलंय. टेलरचा एकट्याचा अल्बम १९८१ मध्येच आला होता, फ्रेडीचा १९८५ मध्ये. लाइव्ह एड १३ जुलै १९८५ ला. त्याच वर्षी जानेवारीत क्वीन रिओला वाजवत होते, मे महिन्यात जपानमध्ये. म्हणजे फुटलेल्या बँडचं पुनर्मिलन वगैरे काही नाही, रियाज चालूच होता. एचआयव्हीचं निदान १९८७ चं. सिनेमात ते लाइव्ह एडच्या आधी येतं, म्हणजे शेवटच्या वीस मिनिटांना रडू आपोआप. पटकथा अँथनी मॅकार्टनची, पण हिशेब कोणाच्या सोयीचा झाला ते उघड आहे.

आणि पाचगणी? फारुख बलसाराने (फ्रेडीचं मूळ नाव) तिथल्या सेंट पीटर्स शाळेत वर्षानुवर्षं काढली, पियानो तिथे शिकला, 'द हेक्टिक्स' नावाचा पहिला बँड तिथे केला. सिनेमात लाइव्ह एडची झलक झाली की गोष्ट सुरू होते ती थेट हीथ्रोवर सामान उचलताना. वडिलांच्या तोंडी सद्विचार, सद्वचन, सत्कर्म हे पारशी सूत्र दिलंय, एस भट्टीने ते छान म्हटलंय, शेवटी त्याची परतफेडही होते. पण संगीत आलं कुठून, याला उत्तर नाही.

रिळवाला

पाचगणी दाखवायची तर लहान फ्रेडी, शाळा, वेगळी भाषा, वेगळा काळ आला. पंधरा मिनिटं कमीत कमी. ती कुठून काढणार? लाइव्ह एडमधूनच 'क्रेझी लिटल थिंग' आणि 'वी विल रॉक यू' कापावी लागली, चित्रित होऊनसुद्धा.

टेबललँड

माइक मायर्सने केलेल्या रे फॉस्टर या रेकॉर्ड कंपनीच्या काल्पनिक साहेबातून काढा. 'वेन्स वर्ल्ड' या सिनेमात 'बोहेमियन रॅप्सडी' हे गाणं गाजवणारा नट इथे म्हणतो की गाडीत पोरं या गाण्यावर डोकी हलवणार नाहीत. एका विनोदासाठी अख्खं पात्र.

ढणढणे

तो विनोद मात्र जमलाय, राव.

गर्दीवाल्यांचंही नाव घ्या. त्या दिवशी वेम्बलीत ७२ हजार माणसं होती, बोविंग्डनला काहीशे एक्स्ट्रा. बाकीचे डीनेग या व्हिज्युअल इफेक्ट्स कंपनीने संगणकावर भरले (२०१४ पासून मुंबईच्या प्राइम फोकसशी एकत्र झालेली तीच कंपनी). अशा कामात घात होतो टाळीचा. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. रंगमंचापासून दीडशे मीटरवरच्याला ठोका ०.४४ सेकंद उशिरा पोचतो आणि 'रेडिओ गा गा' या गाण्याचा एक ठोका जेमतेम अर्ध्या सेकंदाचा. म्हणजे मागचे जवळपास एक ठोका मागे. खऱ्या मैदानात टाळी लाटेसारखी मागे सरकत जाते. एकाच तुकडीच्या हजारो प्रती करून सगळ्यांचे हात एकदम वर नेले की कवायत दिसते.

फेडर_खाली

हीच गोष्ट आवाजातही करावी लागते, फक्त तिथे कोणाला दिसत नाही म्हणून श्रेय मिळत नाही :)

शिसपेन्सिल

मूळ मुद्द्यावर या. सिंगरचं एकट्याचं नाव का राहिलं? अमेरिकेतल्या दिग्दर्शकांच्या गिल्डचा नियम आहे: एका सिनेमाला एकच दिग्दर्शक, अपवाद फक्त आधीपासून मान्य असलेल्या जोडीचा. मधेच माणूस बदलला की ज्याने जास्त भाग केला त्याच्या पारड्यात वजन पडतं. उरलेल्या काही आठवड्यांवर फ्लेचरचा दावा टिकला नसता आणि त्याने फार ताणलंही नाही. ब्रिटिश अकादमीने सिंगरवरच्या लैंगिक अत्याचाराच्या आरोपांनंतर त्याचं नाव आपल्या नामांकनातून काढलं, पण सिनेमाचं नामांकन ठेवलं. मालेकने ऑस्करच्या भाषणात त्याचं नाव घेतलं नाही. माणूस नकोसा होणं आणि त्याने काम केलेलंच नसणं, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

कात्रीछाप

मग 'एकच दिग्दर्शक' हा नियमच कुचकामी म्हणा. सिनेमाला तारीखवार श्रेय द्या: अमुक ते अमुक सिंगर, पुढे फ्लेचर.

रिळवाला

तारीखवार दिलं तरी लाइव्ह एड सिंगरकडेच जातं, म्हणजे शिसपेन्सिल जिंकतात. नको.

त्यापेक्षा घरगुती आवृत्तीत लाइव्ह एड पूर्ण आहे, कापलेल्या दोन गाण्यांसकट. शेजारी मूळ चित्रफीत लावा. पियानोवरचे पेप्सीचे कागदी पेले जिथल्या तिथे आहेत, ते कलाविभागाचं काम. दंडावरचा खिळ्यांचा पट्टा आणि पांढरा बनियन, ते वेशभूषाकार जुलियन डेचं. मग दोन्हींचं चित्र बंद करून नुसता आवाज ऐका आणि कुठला जास्त खरा वाटतो ते इथे लिहा.

शिसपेन्सिल

ऐकतो. पण आवाज बंद करून नुसतं चित्रही बघणार, ते तुम्ही सोयीस्कर वगळलंत.