घरी फ्लाइट सिम्युलेटर: योक मधोमध थांबत नाही, आकडे थरथरतात, पॅनेल अजून कागदावर

टेलविंड
नमस्कार मंडळी. सेस्ना १७२ सारख्या एका इंजिनाच्या विमानाचं कॉकपिट घरी बांधायला घेतलंय. सॉफ्टवेअर एक्स-प्लेन १२. हुबेहूब केबिन नको, पण योक (विमानाचं हाताचं सुकाणू), रडर पेडल (नाक डावी-उजवीकडे वळवणारी पायांची पेडल) आणि सहा मुख्य घड्याळांचं पॅनेल हाताने बनवायचं आहे. आत्ता काय आहे ते लिहितो.

योक ड्रॉवरच्या दोन चॅनेलवर बसवलेल्या प्लायवूडच्या गाडीवर आहे. पुढे-मागे सरक १५ सेंमी. रोल (विमान डावी-उजवीकडे कलणं) आणि पिच (नाक वर-खाली होणं) दोन्हींना १० के (किलोओहम) चे साधे पॉट, म्हणजे फिरवून रोध बदलणारे पोटेन्शिओमीटर. पिचचा पॉट एका छोट्या दांड्याने फिरतो, पण योक पूर्ण आत-बाहेर केला तरी तो जेमतेम ४०° वळतो. बोर्ड आर्डुइनो उनो. तो संगणकाला जॉयस्टिक म्हणून दिसत नाही, त्यामुळे सध्या सिरियलवर नुसते आकडे बघतोय. हात न लावता आकडा ५०८ ते ५१५ मध्ये नाचतो. मधोमध आणायला एकच स्प्रिंग लावली आहे. मधल्या दीडेक सेंटिमीटरमध्ये योक सैल पडतो आणि सोडला की दर वेळी वेगळ्या जागी थांबतो.

पेडल आणि पॅनेल अजून कागदावर आहेत. सेन्सर आणि बोर्ड कोणते घेऊ? स्प्रिंगचं गणित कसं बसवायचं? ३२ इंची एकच मॉनिटर आहे, तो पुरेल का?

सोल्डरवाला
आधी बोर्डाचं बघू. उनोवर यूएसबीचं काम वेगळी चिप करते आणि संगणकाला ती फक्त सिरियल पोर्ट म्हणून दिसते. एटीमेगा३२यू४ ही चिप असलेला प्रो मायक्रो किंवा लिओनार्डो घ्या. त्यात यूएसबी मुख्य चिपमध्येच आहे, त्यामुळे जॉयस्टिक लायब्ररी टाकली की विंडोज त्याला थेट गेम कंट्रोलर समजतं. कोड लिहायचाच नसेल तर बीयू०८३६ए हा तयार बोर्ड आहे. त्यात ८ अक्ष आणि १२ बिट, म्हणजे ४०९६ भाग मिळतात.

आता खरं दुखणं, म्हणजे पिचचा पॉट. साध्या पॉटचा उपयोगी फेर २७०° च्या आसपास असतो आणि प्रो मायक्रो तेवढ्याचे १०२४ भाग करतो. तुमचा पॉट ४०° च वळतो, म्हणजे हातात आले १५० भाग. त्यातले सातआठ थरथरीत जातात. सपाट उड्डाणात एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारी शेपटीची पाटी) अगदी केसभर हलवावा लागतो, आणि इथे एक पायरी बदलली तरी नाक वर-खाली होतं. रोलला योक दोन्हीकडे ९०° फिरत असेल तर १८०° चे ६८० भाग मिळतात, तिथे पॉट चालून जाईल. पॉट घेताना त्यावर बी१०के लिहिलेलं पाहा. ए१०के आवाजाच्या बटणासाठी असतो, तो समप्रमाणात बदलत नाही.

पिच आणि रडरला एएस५६०० हा चुंबकी सेन्सर लावा. पूर्ण फेऱ्याचे ४०९६ भाग, म्हणजे ४०° मध्ये सुमारे ४५५. काही घासत नाही, म्हणून झिजतही नाही. पण तो बसवताना चुका हमखास होतात, त्या सांगतो.

चुंबक व्यासाच्या दिशेने चुंबकित केलेला हवा, म्हणजे चकतीच्या एका अर्ध्यात उत्तर आणि दुसऱ्या अर्ध्यात दक्षिण. नेहमी मिळणाऱ्या चकत्यांचे ध्रुव वरच्या-खालच्या सपाट बाजूंवर असतात. तसली चकती लावली तर फिरवूनही नीट कोन मिळत नाही आणि सगळे सेन्सरला दोष देत बसतात. तपासायला दुसरा चुंबक कडेपाशी धरून चकती फिरवा. अर्ध्या फेऱ्यात ओढ आणि उरलेल्या अर्ध्यात ढकल जाणवली की चकती बरोबर आहे.

चुंबक आणि चिप यांत ०.५ ते ३ मिमी अंतर ठेवा, आणि चुंबकाचा मध्य चिपच्या बरोबर मध्यावर येऊ द्या. तो लोखंडी शाफ्टवर थेट चिकटवू नका, मध्ये पितळेची किंवा प्लास्टिकची टोपी घाला. योक मधोमध असताना आकडा २०४८ च्या जवळ येईल असा चुंबक फिरवून बसवा. नाहीतर ४०९५ वरून ० वर जाणारी उडी नेमकी तुमच्या सरकेत येते आणि विमान अचानक नाक खाली घालतं.

या चिपचा आय२सी (बोर्ड आणि सेन्सर दोन तारांवर बोलतात ती पद्धत) पत्ता ठरलेला आहे, हेक्समध्ये ३६. म्हणून एका बोर्डावर दोन सेन्सर सरळ जोडता येत नाहीत. टीसीए९५४८ए मल्टिप्लेक्सर (सेन्सर आळीपाळीने जोडणारी चिप) लावा, किंवा पेडलला स्वतःचा वेगळा प्रो मायक्रो द्या. दुसरा मार्ग बरा, कारण आय२सीची तार दीड मीटर लांब पेडलपर्यंत ओढली की अधूनमधून वाचन चुकतं. तार अर्ध्या मीटरच्या आत असावी. सेन्सरच्या ॲनालॉग पिनवरून वाचण्याचा मोह टाळा, नाहीतर फिरून बोर्डाच्या त्याच १० बिटांत, म्हणजे १०२४ भागांत अडकाल. आणि कोडमध्ये अक्षाची मर्यादा ० ते ४०९५ करायला विसरू नका.

रोलच्या पॉटची थरथर घालवायला वायपर (पॉटची मधली पिन) आणि ग्राउंडमध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा, तोही बोर्डाच्या टोकाला, पॉटच्या नाही. कोडमध्ये ८ वाचनांची सरासरी घ्या. दिव्यांची ग्राउंड तार आणि पॉटची ग्राउंड तार वेगळ्या ठेवा. एकच ठेवली तर लँडिंग लाइट लावल्यावर विमान किंचित कलतं आणि कारण सापडता सापडत नाही. डेडझोन (मध्याजवळचा, हालचाल मोजलीच जात नाही तो भाग) वाढवून थरथर झाकू नका. विमान ट्रिम करताना, म्हणजे हात सोडला तरी ते तसंच उडत राहील असं बसवताना, ज्या बारीक हालचालींची गरज असते, त्या मधोमधच असतात.

मापपट्टी
इलेक्ट्रॉनिक्स वर आलंच आहे, मी लाकूड-लोखंडाकडे वळतो. योक सैल पडतो तो स्प्रिंगमुळे. समोरासमोर दोन ताणाच्या स्प्रिंगा लावा, आणि दोन्ही कायम ताणलेल्या राहिल्या पाहिजेत, पूर्ण सरकेतसुद्धा. सरक १५ सेंमी म्हणजे मध्यापासून दोन्हीकडे ७५ मिमी. स्प्रिंगची मोकळी लांबी १०० मिमी असेल तर योक मधोमध असताना ती किमान १८५ मिमीपर्यंत ताणलेली हवी. मग विरुद्ध टोकालाही १० मिमी ताण शिल्लक राहतो. पलीकडच्या टोकाला तीच स्प्रिंग २६० मिमी होते, तेवढी ताणून ती परत मूळ लांबीवर येते का हे जोडण्याआधी हातानेच पाहा. रबरी दोरी टाळा, ती काही महिन्यांत सैल होते.

दर वेळी वेगळ्या जागी थांबणं ही मात्र घर्षणाची खूण. मध्याजवळ स्प्रिंगांची ओढ अगदी कमी असते. तिथे घर्षण वरचढ ठरलं की योक अलीकडेच थांबतो. चाचणी सोपी आहे: योक पूर्ण आत ढकलून हळू सोडा, जिथे थांबेल तिथे पेन्सिलने खूण करा. मग पूर्ण बाहेर ओढून सोडा, दुसरी खूण. दोन खुणांमध्ये २ मिमीपेक्षा जास्त अंतर असेल तर स्प्रिंग जड करू नका, आधी घर्षण शोधा. बहुतेक वेळा दोन चॅनेल एकमेकांना समांतर नसतात. पुढच्या आणि मागच्या टोकाला दोन्हींमधलं अंतर मोजा, अर्ध्या मिलिमीटरचा फरकही जाणवतो. चॅनेल उभ्याच बसवा, ड्रॉवरच्या बाजूला असतात तशा. आडव्या टाकल्या की योक बाहेर ओढल्यावर खाली झुकतो.

नंतर कधी चॅनेलऐवजी १६ मिमी शाफ्ट आणि एलएम१६यूयू बेअरिंग लावणार असाल तर एक लक्षात ठेवा. ही बेअरिंग फक्त सरकण्यासाठी आहेत. योकचा शाफ्ट त्यांच्यातच फिरवला तर गोळ्या आडव्या घासतात आणि शाफ्टवर चरे पडतात. सरकणं गाडीला द्या आणि गाडीवर दोन साधी बॉल बेअरिंग लावून फिरणं त्यांना द्या.

खऱ्या विमानात योकवर येणारा जोर हवेचा असतो, तो वेगाबरोबर वाढतो आणि ट्रिमने नाहीसा करता येतो. स्प्रिंगच्या योकला हे कळत नाही, तो नेहमी एकाच मध्याकडे ओढतो. म्हणून नाक हवं तिथे धरून ठेवा आणि ट्रिम फिरवत फिरवत हात मध्यावर परत आणा. यासाठी ट्रिमचं चाक पहिल्याच टप्प्यात बनवा. १०० ते १२० मिमी व्यासाची प्लायवूडची चकती आणि मागे रोटरी एन्कोडर (फिरवल्याच्या टिकटिकी बोर्डाला कळवणारा भाग), एवढं पुरतं.

पेडलला दोन्ही पाय एकाच मधल्या पट्टीला जोडा. मध्यात बोल्टवर फिरणारी पट्टी, म्हणजे डावं पुढे गेलं की उजवं आपोआप मागे येतं. एकेक पाऊल पुढे-मागे ६ ते ७ सेंमी. स्प्रिंगा योकच्यापेक्षा बऱ्याच जड घ्या, कारण पायांचं नुसतं वजनच पट्टी हलवतं. टो-ब्रेकची (पायाच्या बोटांनी दाबायच्या चाकांच्या ब्रेकची) पाटी प्रत्येक पेडलवर वेगळ्या बिजागरीवर आणि प्रत्येकीला वेगळा सेन्सर. तिला २० ते २५° वळण पुरे, आणि शेवटाला जाड रबराचा ठोकळा ठेवा, म्हणजे जोर वाढत गेल्यासारखा वाटतो. शेवटची अडवणूक नेहमी बोल्टने करा. पॉटचा स्वतःचा टोकाचा थांबा पायाच्या जोराखाली टिकत नाही, पहिल्या जोरकस ब्रेकला शाफ्ट पिळतो.

आणि पेडलचा तळ खुर्चीच्या पायांना पट्टीने बांधा. मोकळा ठेवला तर ब्रेक दाबला की पेडल पुढे आणि चाकांची खुर्ची मागे जाते.

सहाघड्याळं
पॅनेल आणि पडदा मी घेतो. सहा घड्याळं खरी यंत्रं लावून बनवायची गरज नाही. त्यांची भोकं ३ पूर्णांक १/८ इंचाची, म्हणजे ७९.४ मिमी. मध्यापासून मध्यापर्यंत ८९ मिमी ठेवलं तर तीन स्तंभ आणि दोन ओळी मिळून रुंदी २५७ आणि उंची १६८ मिमी होते. १५.६ इंची लॅपटॉपच्या पडद्याचं दिसणारं क्षेत्र ३४४ गुणिले १९४ मिमी असतं. म्हणजे असा एकच पडदा मागे ठेवला की सहाही घड्याळं बसतात आणि कडेला जागाही उरते. त्यावर एअर मॅनेजर या सॉफ्टवेअरने घड्याळं काढा.

गंमत बिघडते ती पडदा आणि पॅनेलमधल्या फटीने. पडद्याची चौकट ६-७ मिमी पुढे आलेली असते. तिच्यावर पॅनेल टेकवलं तर बसल्या जागेवरून वेगमापकाचे वरचे आकडे भोकाच्या काठामागे जातात. चौकट काढून नुसता पडदा घ्या, पॅनेल ३ मिमीचं करा आणि भोकांना मागून ४५° चा उतार कानसीने द्या. पडदा पॅनेलला जवळजवळ टेकला पाहिजे.

स्विचांसाठीही जाडी महत्त्वाची. मोठ्या टॉगलला १२ मिमीचं भोक लागतं, छोट्याला ६ मिमीचं. पण छोट्याची आट्यांची नळी इतकी आखूड असते की ६ मिमी एमडीएफमधून नट धरायला जेमतेमच आट्या उरतात. पॅनेल जाड असेल तर स्विचमागे ते कोरून पातळ करा.

स्विच बरेच झाले की ते मॅट्रिक्समध्ये (आडव्या-उभ्या तारांच्या जाळीत) जोडा, ६ गुणिले ६ मध्ये १२ तारांत ३६ स्विच बसतात. प्रत्येक स्विचला स्वतःचा १एन४१४८ डायोड, सगळ्यांची काळी पट्टी एकाच दिशेला. टॉगल स्विच चालूच राहतात, म्हणून डायोड नसेल तर चौकोनाच्या तीन कोपऱ्यांवरचे स्विच चालू असताना चौथाही दाबल्यासारखा दिसतो. एन्कोडरच्या एका टिकटिकीत दोन आकडे पुढे जात असतील किंवा दोन टिकटिकींत एकच, तर एन्कोडर बिघडलेला नाही, सॉफ्टवेअरमध्ये त्याचा प्रकार चुकीचा निवडला आहे.

३२ इंची मॉनिटर सुरुवातीला पुरतो. त्याची रुंदी ७०.८ सेंमी. डोळ्यांपासून ८० सेंमीवर ठेवला तर तो ४८° व्यापतो. एक्स-प्लेनमध्ये आडवा दृश्यकोन तेवढाच टाकला तर धावपट्टी खऱ्या मापाची दिसते, पण कडेचं काही दिसत नाही. ६० ते ६५° वर तडजोड करा. त्याहून रुंद केलं की धावपट्टी लहान आणि दूर भासते, आणि उतरताना फ्लेअरची (टेकण्याआधी नाक उचलण्याची) उंची चुकते. बाजूला बघायला वेबकॅम आणि ओपनट्रॅक (डोकं वळवलं की दृश्य फिरवणारं सॉफ्टवेअर) वापरा. एडविन लिंक यांच्या ट्रेनरचं (जमिनीवर उड्डाण शिकवणाऱ्या जुन्या यंत्राचं) झाकण लावलं की बाहेरचं काहीच दिसत नसे, समोर फक्त घड्याळं असायची, आणि वैमानिक त्यावरच आंधळं उड्डाण शिकले. म्हणून तीन मॉनिटरच्या आधी पॅनेल पूर्ण करा.

टेलविंड
खूप आभार. पेन्सिलीची चाचणी केली, दोन खुणांत ११ मिमी अंतर आहे. मागच्या टोकाला चॅनेल २ मिमी जवळ आल्या आहेत, त्या सोडवून पुन्हा बसवतो. एक शंका राहिली: बॅटरी आणि फ्युएल पंपाचे टॉगल जोडले, तर सिम सुरू झाल्यावर कधीकधी उलटे चालतात. स्विच वर, पण पंप बंद. का?

सोल्डरवाला
तुम्ही ‘टॉगल’ ही आज्ञा नेमली आहे. ती फक्त असलेली स्थिती उलटवते. विमान पंप चालू अवस्थेत लोड झालं आणि तुमचा स्विच खाली असला की तिथून पुढे सगळं उलटंच. ‘चालू’ आणि ‘बंद’ या दोन वेगळ्या आज्ञा नेमा: स्विच वर गेला की एका बटणाचा १०० मिलिसेकंदांचा ठोका, खाली आला की दुसऱ्या बटणाचा. सुरुवातीला सगळे स्विच एकदा खाली-वर करून घ्या, म्हणजे पॅनेल आणि विमान जुळतात. मॅग्नेटोलाही (इंजिनाच्या ठिणगीच्या किल्लीलाही) हेच. पाचही स्थानांना वेगळं बटण द्या आणि ‘स्टार्ट’ला स्प्रिंगने परत येणारा स्विच घ्या, नाहीतर इंजिन लागल्यावरही स्टार्टर फिरत राहतो.