अनुभव धागा: सहकुटुंब सेवेसाठी देशाबाहेर काढलेले दिवस

मिरजेची सिस्टर

नाताळच्या सफाईसाठी माळ्यावरची लोखंडी पेटी खाली काढली, तेव्हा तळाशी जुन्या लुगड्यात गुंडाळलेला पालपाली करुवा सापडला. करुवा म्हणजे तोटी असलेला जड तांब्या. नेपाळमधल्या पालपा जिल्ह्याची ती ओळख आहे. आम्ही त्या जिल्ह्यातले तानसेन गाव सोडले त्या सकाळी आमच्या घरमालकिणीने तो माझ्या हातात दिला होता. घरमालकाला तिथे ‘घरबेटी’ म्हणतात, म्हणून आम्ही तिला घरबेटी आमा म्हणत असू. करुवा घेऊन मी बराच वेळ शिडीवरच बसून राहिले.

जून 2004 मध्ये मी, प्रयोगशाळेत काम करणारे माझे यजमान, नऊ वर्षांची मुलगी आणि पाच वर्षांचा मुलगा असे आम्ही चौघे गोरखपूर, सोनौली, बुटवल आणि पुढे घाटाने तानसेन असा प्रवास करून तिथल्या मिशन रुग्णालयात दोन वर्षांच्या सेवेसाठी गेलो. मिरजेत वाढलेल्या माणसाला मिशनरी कुटुंब म्हणजे बाहेरून आपल्याकडे आलेले कुटुंब एवढेच ठाऊक असते. कॅनडात जन्मलेल्या डॉ. वानलेस यांनी 1894 मध्ये उभारलेल्या रुग्णालयात आमच्या घरच्या तीन पिढ्या शिकल्या आणि राबल्या. आपणही तसेच दुसऱ्याच्या देशात जाऊ, हे पाळकसाहेबांनी चर्चमध्ये मंडळीसमोर आमच्यासाठी प्रार्थना केली त्या रविवारपर्यंत मला खरे वाटत नव्हते.

पहिल्याच दिवशी आम्हाला स्पष्ट सांगण्यात आले की धर्मांतर घडवण्यास नेपाळच्या कायद्याने मनाई आहे, तेव्हा वॉर्डात केवळ रुग्णसेवा करायची आणि प्रार्थना करायची ती घरी किंवा मंडळीत. मला ते मनापासून पटले, कारण जखम धुताना समोरच्याला आपल्या उपकाराखाली वाकवणे मला कधीच बरोबर वाटलेले नाही. लिपी आपलीच असल्यामुळे मुलगी रस्त्यावरच्या सगळ्या पाट्या घडाघडा वाचत होती आणि तिला त्यांतले फारसे काही कळत नव्हते. मला मात्र ‘कहाँ दुख्छ?’ हे वाक्य कोणी शिकवावे लागले नाही.

31 जानेवारी 2006 च्या रात्री माओवाद्यांनी तानसेनवर हल्ला केला. रात्रभर गोळीबार चालला आणि उजाडले तेव्हा गावातला जुना दरबार जळून गेला होता. मी रात्रपाळीला होते, यजमानांनाही रक्ताच्या तपासणीसाठी बोलावून घेतले होते आणि मुले आमाजवळ होती. मुले शांत झोपली होती, असे आमाने सांगितले आणि मी त्यावर विश्वास ठेवला. तरीही मुलांना तिथे नेण्याचा अधिकार आम्हाला होता का, हा प्रश्न वीस वर्षांत सुटलेला नाही. ज्यांनी असे सहकुटुंब दिवस काढले आहेत, त्यांनी कृपया लिहावे.

कृष्णाकाठ

सिस्टर, सलाम. तिथे मोठ्या भावाला ‘दाइ’ म्हणतात. पोखऱ्याला वॉर्डातले सगळे रुग्ण माझ्या भावाला ‘दाइ, दाइ’ अशी हाक मारू लागले, तेव्हा आमची आई पहिला आठवडाभर अवघडून गेली होती, कारण तिच्या कानांना दाई म्हणजे बाळंतपण करणारी बाई एवढेच माहीत होते. ‘जयमसीह’ हा तिथला नमस्कार आमच्या घरात अजूनही टिकून आहे.

एमसीआर

माझे वडील मिरजेत कुष्ठरोग्यांसाठी चपला तयार करीत असत. या आजारात पाय बधिर होतात, खडा टोचलेला कळत नाही आणि जखम चिघळत जाते. म्हणून आत मऊ एम.सी.आर. (मायक्रोसेल्युलर, म्हणजे बारीक पोकळ्यांचे) रबर आणि खाली कडक तळ अशी चप्पल लागते, आणि तिला खिळा एकही मारायचा नसतो, सगळे चिकटवायचे आणि शिवायचे असते. हे काम शिकवण्यासाठी वडिलांना तीन महिने काठमांडूजवळच्या एका कुष्ठरोग रुग्णालयात बोलावले होते आणि आई व मी त्यांच्याबरोबर होतो.

एका डोंगरी शेतकऱ्याने ती चप्पल घ्यायला साफ नकार दिला. त्या चपलेवरून गावात आजार ओळखला जातो आणि आपल्या मुलीचे लग्न अडते, असे त्याने सांगितले. वडील त्याच्याशी वाद घालत बसले नाहीत. दोन दिवस त्यांनी बाजारात फिरून लोक पायांत काय घालतात ते पाहिले आणि अगदी तसाच दिसणारा कापडी बूट आतून रबर बसवून तयार केला. तो माणूस बूट घालून फाटकापर्यंत गेला आणि परत येऊन त्याने वडिलांचे हात धरले. मी तेव्हा दहा वर्षांचा होतो. वडिलांच्या कामाची मला त्याआधी लाज वाटत असे, हे आज पहिल्यांदाच लिहितो आहे.

वाईची लेक

माझा अनुभव वेगळा आहे आणि तो कोणाला दुखवण्यासाठी लिहीत नाही. आम्ही दहा जण दहा दिवसांसाठी केनियात किसुमूजवळच्या एका शाळेच्या भिंती रंगवायला गेलो होतो. तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आले की गावातले दोन रंगारी कुंपणाबाहेर उभे राहून आम्हाला पाहत आहेत आणि त्यांच्याकडे त्या आठवड्यात काम नाही. उरलेल्या भिंती आम्ही त्यांना मजुरी देऊन रंगवून घेतल्या आणि त्या आमच्यापेक्षा कितीतरी चांगल्या झाल्या. जाण्यापूर्वी ‘तुम्हाला आमच्याकडून काय हवे आहे’ हे विचारायला हवे होते. माझ्या मुलाला मात्र तिथे दुकानाला ‘दुका’ आणि मोटारीला ‘गारी’ म्हणतात याचा इतका आनंद झाला की तो दिवसभर दुकानदारांशीच बोलत बसे.

कोयनेकडचा

25 एप्रिल 2015. त्या दिवशी शनिवार होता. नेपाळमध्ये साप्ताहिक सुट्टी शनिवारी असल्यामुळे मंडळ्यांची उपासनाही शनिवारीच असते, आणि 11 वाजून 56 मिनिटांनी 7.8 तीव्रतेचा धक्का बसला तेव्हा आम्ही सगळे ललितपूरमध्ये उपासनेला बसलो होतो. वडील पाटण तालुक्यातले. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेच्या भूकंपात त्यांच्या डोळ्यांदेखत घर बसले होते. ते उभे राहून ‘भिंत सोडा, मोकळ्यात चला’ असे मराठीतच ओरडू लागले. भाषा कोणाला कळली नसेल, पण त्यांचे हात सगळ्यांना कळले. आम्ही वाचलो. नेपाळच्या त्या भूकंपात सुमारे नऊ हजार माणसे गेली.

आम्ही मुलींना शिवणकाम शिकवण्यासाठी गेलो होतो. त्यानंतर पत्नीने त्याच यंत्रांवर ताडपत्र्यांना काठ शिवून दिले, आणि 12 मे रोजी 7.3 तीव्रतेचा दुसरा मोठा धक्का बसला तेव्हा अनेक कुटुंबे त्याच ताडपत्र्यांखाली होती. वडील रात्री झोपत नसत. ते ताडपत्रीच्या दाराशी बसून राहत आणि शेजारची मुले त्यांच्या धोतराचा सोगा धरून झोपत.

वानलेसवाडी

सिस्टर, मुलांच्या प्रश्नावर एक सांगते. माझी आजी मिरजेत एका परदेशी डॉक्टरांच्या बंगल्यावर आया होती. त्यांचा मुलगा आजीकडून मराठी बोलायला शिकला आणि सात वर्षांचा झाल्यावर कोडाईकनालच्या निवासी शाळेत गेला. त्याला गाडीत बसवून आल्यावर बाईंनी स्वयंपाकघरात येऊन आजीच्या खांद्यावर डोके टेकले आणि बराच वेळ त्या तशाच राहिल्या. आजी म्हणत असे की त्या दिवसापासून मी त्यांना कधी ‘मॅडम’ म्हणाले नाही, ‘बाई’ म्हणाले.

जावळीकर

तिथे ‘कोदो’ म्हणजे आपली नाचणी, हे खरे आहे का? आमच्याकडे डोंगरात नाचणीची भाकरी होते.

कृष्णाकाठ

होय, खरे आहे. तिचे पीठ आधणात घोटून ‘ढिँडो’ करतात. आईने पहिल्याच दिवशी तो खाल्ला आणि त्यानंतर तिला घरची आठवण थोडी कमी येऊ लागली.

सिस्टरची मुलगी

आई, हा धागा मला मावशीने पाठवला. त्या रात्री भाऊ झोपला होता, मी झोपले नव्हते. आमाने दिवा मालवून आम्हाला खालच्या खोलीत मागच्या भिंतीशी बसवले आणि माझ्या पुढ्यात वाळलेल्या मक्याच्या कणसांची टोपली ठेवून दाणे काढायला सांगितले. प्रत्येक आवाजाबरोबर ती फक्त ‘अजून एक कणीस’ असे म्हणत होती. उजाडेपर्यंत मी दाणे काढत होते आणि माझ्या अंगठ्याला फोड आला होता. तू आलीस तेव्हा अंगठा दारात सापडला असे मी सांगितले, कारण आई थकून येईल, तिला आज काही सांगू नकोस, असे आमाने बजावले होते.

तुम्ही नेले ते योग्य होते की नव्हते, हे मलाही ठरवता येत नाही. पण मला मिरजेत मावशीकडे ठेवून तुम्ही दोघे गेला असता, तर मी ते विसरले नसते.

मिरजेची सिस्टर

बाळ, त्या अंगठ्याची पट्टी मी आठवडाभर बदलत होते, आणि दार कोणते हे मी एकदाही विचारले नाही. रात्री फोन करते.

करुवा चिंचेने घासून ठेवला आहे. ओठ न लावता त्याच्या तोटीतून पाणी कसे प्यायचे हे आमाने तुलाच शिकवले होते. मला ते कधी जमले नाही. नाताळला आलीस की दाखव.