मदत हवी आहे: सेस्मिकवरून चालू गॅस सीप आणि बंद पडलेली सीप वेगळी कशी ओळखायची?

नमस्कार मंडळी,

मेक्सिकोच्या आखातात खोल पाण्यात जिथे तळातून मिथेन झिरपतो, त्या जागांच्या (म्हणजे सीपच्या) अधिवासाचा नकाशा करतोय. तेलशोधासाठी घेतलेला थ्रीडी सेस्मिक डेटा (ध्वनिलहरी तळाखालच्या थरांवरून परावर्तित होऊन मिळालेला) हाताशी आहे. समुद्रतळाचा होरायझन, म्हणजे त्याच्या परावर्तनाची रेषा, पिक करून अॅम्प्लिट्यूड (परावर्तनाची ताकद) काढलं आणि बोएम या अमेरिकी सरकारी संस्थेने 2017 साली खुल्या केलेल्या बाथिमेट्रीवर (समुद्राच्या खोलीच्या नकाशावर) ते चढवलं. तिचे चौकोन साधारण 12 मीटरचे आहेत.

अडचण अर्थ लावताना येते. मिथेन आणि सल्फेटवर जगणारे सूक्ष्मजीव कार्बोनेटचा कठीण थर तयार करतात, त्यामुळे तळ ठळक उजळतो. ट्यूबवर्मना (नळीत राहणाऱ्या समुद्री किड्यांना) चिकटायला असाच कठीण तळ लागतो. पण गॅस थांबला तरी कार्बोनेट तिथेच राहतं, म्हणजे नुसत्या उजळ ठिपक्यावर भरवसा ठेवता येत नाही. उलट गॅस जोरात येतो तिथे चिखल इतका मऊ होतो की अॅम्प्लिट्यूड मंदावतं, कधी पोलॅरिटीही (तरंगाची वर-खाली दिशा) उलटते.

एक उदाहरण देतो. मिठाच्या घुमटाच्या कडेला, फॉल्टवरच (थर सरकलेल्या भेगेवर), एक गोल डाग आहे: मध्यभागी पोलॅरिटी उलटी, भोवती उजळ कडं, आणि खाली परावर्तनं पुसली गेलेला उभा पट्टा. ही सीप चालू असावी. जवळच दुसरा डाग सलग उजळ आहे, पण त्याखालचे थर अखंड दिसतात. तो मी जुना धरलाय. हे बरोबर वाटतं का?

खरी काळजी पातळ थरांची आहे. तळाजवळ 50 हर्ट्झ आणि 1500 मीटर प्रतिसेकंद वेग धरला तर पाव तरंगलांबी साडेसात मीटर होते; त्याहून पातळ थर वेगळे दिसत नाहीत. मीटरभर जाडीचं कार्बोनेट आणि लगेच खाली गॅस असेल, तर दोन्ही परावर्तनं एकमेकांत मिसळून जागा अगदी साधी दिसू शकते. आणि शिंपल्यांची वस्ती तर काही मीटरचीच असते. इथले ट्यूबवर्म दोनशे वर्षांहून जास्त जगतात. अशी जागा नकाशातून सुटली आणि कुणाचा नांगर तिथे पडला, तर ती वस्ती पुन्हा उभी राहायला पिढ्या जातील. म्हणून हा भाग घाईत उरकायचा नाहीये.

तर जाणकारांनो, पातळ थर पकडायला निअर आणि फार (far) अँगल स्टॅक, म्हणजे लहान आणि मोठ्या कोनांतून आलेल्या परावर्तनांच्या बेरजा, वेगळे पाहून काही हाती लागतं का? तीव्र उतारावर अॅम्प्लिट्यूड आपोआप घटतं, त्याची दुरुस्ती कशी करता? मल्टिबीममध्ये (जहाजावरच्या सोनारमध्ये) पाण्यात बुडबुड्यांचा झोत दिसला तर प्रश्नच मिटतो, पण गळती थांबून थांबून होते. एका फेरीत झोत नाही दिसला म्हणून सीप बंद धरू नये असं माझं मत आहे. तुम्ही अशा जागांना नकाशात कोणता दर्जा देता? आरओव्हीच्या (दूरनियंत्रित पाणबुडी यंत्राच्या) फोटोंशी ताळा घातला असेल, तर किती अंतरातला फोटो ग्राह्य धरला, तेही सांगा.

डेटा झिरो फेज आहे (तरंगाचं शिखर थराच्या सीमेवरच येतं), बिन (डेटाचा एक चौकोन) 12.5 गुणिले 25 मीटर. दोन्ही डागांचे छेद हवे असतील तर इथेच टाकतो.