ग्रोथ हॉर्मोनच्या इंजेक्शनने कॅन्सर होतो का? ताईसाठी विचारतोय

कृष्णाकाठ
ताई ४४ वर्षांची आहे. पिट्युटरीची (मेंदूखालची हॉर्मोन बनवणारी ग्रंथी) गाठ नाकातून ऑपरेशन करून काढली, तेव्हापासून थायरॉइडची गोळी आणि हायड्रोकॉर्टिसोन चालू आहे तरी थकवा काही जात नाही, एक जिना चढली की बसते, पोट सुटलंय. आता डॉक्टर म्हणतायत ग्रोथ हॉर्मोनपण बनत नाहीये, रोजचं इंजेक्शन सुरू करू. घरात कुणीतरी वाचलं की याने कॅन्सर होतो आणि आमची आई आतड्याच्या कॅन्सरनेच गेली, त्यामुळे ताई विषयच काढू देत नाही. कुणी घेतंय का? प्लीज सांगा.

सुमन_के
मी घेते. पेन असतं, फ्रिजमध्ये ठेवायचं, रात्री झोपताना पोटावर घ्यायचं. सुरुवातीला बोटं सुजायची, सांधे दुखायचे, डोस कमी केल्यावर थांबलं. अंगात जोर यायला बरेच महिने लागले, लगेच फरक दिसत नाही हे ताईंना आधीच सांगा. आणि हे सुरू केल्यावर माझा हायड्रोकॉर्टिसोनचा डोस वाढवावा लागला, तेवढं लक्ष ठेवा.

एंडो_रेसिडेंट
भीती उगाच नाहीये दादा. ग्रोथ हॉर्मोनमुळे लिव्हर आयजीएफ-१ नावाचं दुसरं हॉर्मोन बनवतं आणि ते पेशींना वाढायला लावतं, बिघडलेल्या पेशीला मरू देत नाही. अ‍ॅक्रोमेगाली नावाच्या आजारात हे हॉर्मोन जास्त असतं, तिथे आतड्यात पॉलिप (छोट्या गाठी) जास्त सापडतात म्हणून कोलोनोस्कोपी, म्हणजे आतड्याची दुर्बिणीने तपासणी करतात. उलट इक्वाडोरमध्ये लॅरॉन सिंड्रोमची माणसं आहेत, त्यांच्यात हे हॉर्मोन कामच करत नाही आणि कॅन्सर जवळजवळ दिसतच नाही.
पण ताईंना जास्तीचं द्यायचं नाहीये, कमी पडतंय तेवढंच भरून काढायचंय. ०.२-०.३ मिग्रॅ इतक्या छोट्या डोसने सुरू करतात आणि आयजीएफ-१ वयाप्रमाणे नॉर्मलमध्ये राहील असं बघत वाढवतात. किम्स नावाच्या रजिस्ट्रीत (पेशंटच्या नोंदी ठेवतात ती) हे इंजेक्शन घेणारे १५,८०९ प्रौढ पेशंट होते, २०२२ मध्ये निकाल आले, नवीन कॅन्सरचं प्रमाण सामान्य लोकांइतकंच निघालं. फॉलोअप मात्र सरासरी पाचेक वर्षांचाच, कॅन्सरच्या हिशोबाने हे कमीच, म्हणून तपासण्या सोडायच्या नाहीत. अंगात चालू कॅन्सर असेल तर हे इंजेक्शन देतच नाहीत.

वाचक७१
ब्रिटनच्या स्टडीत आतड्याच्या कॅन्सरने मृत्यू जास्त होते ना? तोच तर यांच्या आईचा आजार.

एंडो_रेसिडेंट
हो, २००२ चा. १९५९ ते १९८५ मध्ये मृतांच्या पिट्युटरीतून काढलेलं हॉर्मोन घेतलेले लोक, आठवड्यातून दोन-तीनदा मोठे डोस. १,८४८ जणांत आतड्याच्या कॅन्सरने दोन मृत्यू, अपेक्षेपेक्षा जास्त खरे पण आकडा इतका लहान की त्यावरून ताईंचं ठरवता येणार नाही. दादा, आईला कितव्या वर्षी झाला होता?

कृष्णाकाठ
५२

एंडो_रेसिडेंट
मग इंजेक्शन घ्या नाहीतर घेऊ नका, ताईंची कोलोनोस्कोपी झालीच पाहिजे. आई-वडिलांपैकी कुणाला असा कॅन्सर झाला असेल तर चाळिशीलाच तपासणी सुरू करतात, त्या ४४ च्या आहेत. आधी ती करा, पॉलिप निघाला तर तिथेच काढतात. तो रिपोर्ट घेऊन एंडोक्राइनच्या (हॉर्मोनच्या) डॉक्टरांकडे जा आणि इंजेक्शनचं मग ठरवा. तुमचं वय किती? कारण आई तुमचीपण होती, तपासणी तुम्हालाही लागू आहे.