मदत हवी आहे : वितीवरून पट्टीकडे मुलांना कसं न्यावं?

नमस्कार. मी दुसरीच्या वर्गाला शिकवते. गेल्या आठवड्यात आम्ही वर्गातलं बाक वितीने मोजलं. कुणाच्या ८ विती भरल्या, कुणाच्या ९, माझ्या ६. "बाई, बाक तर तेच आहे ना?" असं एका मुलीने विचारलं, तेव्हा फार बरं वाटलं. सगळ्यांचं माप एकच का हवं, हे त्यांचं त्यांनाच उमगायला लागलंय.

अडलंय ते पट्टीपाशी. मुलं पेन्सिलीचं टोक ० ऐवजी १ वर ठेवतात आणि ७ सेंमीची पेन्सिल ८ सांगतात. काही जण मधली जागा न मोजता रेघा मोजतात, तेव्हाही उत्तर ८च येतं, त्यामुळे नेमकं कोण कुठे चुकलं ते कळत नाही. शिवाय बऱ्याच पट्ट्यांवर शून्य अगदी कडेला नसतं, थोडं आत असतं.

१ सेंमीचे रंगीत चौकोन जोडून मुलांकडूनच कागदी पट्टी करून घ्यावी, असं मनात आहे. आकडे आधीच लिहावेत की चौकोन मोजायची सवय झाल्यावर? कुणी हे वर्गात किंवा घरी केलं असेल तर कृपया सविस्तर सांगा. वाटीने तांब्या भरून मोजणं त्यानंतर घेणार आहे.