ड्राफ्टमध्ये वर सरकायला पिक उधळणं परवडतं का?

बर्फावरचा नवखा
मंडळी, टोरांटोला येऊन तीन वर्षं झाली, ऑफिसातल्या पोरांमुळे एनएचएलचं, म्हणजे इथल्या आइस हॉकी लीगचं, वेड लागलंय. मॅच आता कळते पण ड्राफ्टचं, म्हणजे टीम नंबराप्रमाणे नवी पोरं निवडतात त्याचं, गणित डोक्यात शिरत नाही. दोन-तीन नंबर वर जायला टीम आपला पिक (निवडीची पाळी) आणि वर आणखी एक-दोन पिक देऊन मोकळी होते, आणि घ्यायचंय काय तर अठरा वर्षांचं पोरगं! आयपीएलमध्ये निदान खेळताना बघितलेला माणूस घेतात. हे परवडतं?

जुना लीफ्सवाला
आमच्या जखमेवर मीठ चोळलंस 😅 2008 ला आपले टोरांटोचे लीफ्स 7 वरून 5 वर गेले, त्यासाठी तिसऱ्या राऊंडचा पिक आणि वर 2009 चा दुसऱ्या राऊंडचा दिला, घेतला ल्यूक शेन. वाईट नाही तो, दोन स्टॅन्ली कपही (लीगचं विजेतेपद) जिंकला, पण टँपाकडून! त्याच ड्राफ्टमध्ये ओटावा 18 वरून 15 वर आलं, एक तिसऱ्या राऊंडचा पिक देऊन, आणि एरिक कार्लसन उचलला. तीन वेळा नॉरिस ट्रॉफी, म्हणजे सर्वोत्तम बचावपटूचा मान.

प_मोडक
हे मागाहूनचं शहाणपण झालं राव, कार्लसन एवढा निघेल हे सगळ्यांना माहीत असतं तर 15 पर्यंत उरला असता का? माझं मत, नुसता नंबर वर न्यायला जास्तीचे पिक देऊ नयेत, अमुकच पोरगा हवा असेल तरच द्यावेत. 1999 ला व्हँकूव्हरचा मॅनेजर ब्रायन बर्क याला दोन्ही सेडिन जुळे हवे होते. हातात 3 नंबर होता, मग मॅकेब हा खेळाडू आणि 2000 चा पहिल्या राऊंडचा पिक देऊन शिकागोकडून 4 घेतला, तो 4 आणि तिसऱ्या राऊंडचे दोन पिक टँपाला देऊन 1 घेतला, आणि तो 1 अटलांटाला देऊन 2 घेतला, अट एकच की तुम्ही पॅट्रिक स्टेफन घ्यायचा. दोघं भाऊ हजार पॉइंटच्या (गोल अधिक असिस्ट) पुढे गेले. आणि हो, अगदी पहिला पिक तर आता कोणी सोडतच नाही, 2003 ला पिट्सबर्गने गोलकीपर फ्लरीसाठी दुसऱ्या टीमकडून घेतला, त्यानंतर वीस वर्षांत एकदाही हात बदलला नाही.

बर्फावरचा नवखा
स्टेफन म्हणजे तोच का, रिकाम्या गोलसमोर पडलेला?

जुना लीफ्सवाला
तोच, 2007, डॅलसकडून. एडमंटनने तिथून पक (हॉकीची चकती) दुसऱ्या टोकाला नेऊन दोन सेकंद उरले असताना बरोबरी केली. शूटआउटमध्ये जिंकलं मात्र डॅलसच, हे कोणी सांगत नाही.