मदत हवी आहे: मोटारसायकलची लाल लाईट सायकलला मागं बसवायची आहे, पेटत नाही (तातडीचं)

दुसरीपाळी
नमस्कार मंडळी. लक्ष्मीपुरीतून मोटारसायकलची लाल एलईडी टेललाईट आणली. दुकानदारानं बॅटरीला लावून दाखवली तेव्हा डोळे दिपले इतकी पेटली. घरी आणून पॉवर बँकेला जोडली तर काहीच नाही. वायरी उलटसुलट करून बघितल्या. शिवाय ती सायकलला बसवायची कशी तेही कळेना, मागं स्क्रूची भोकं आहेत पण सायकलवर तसं काही नाही. आज रात्री परत येतानाच लागणार आहे, दुपारी अडीचला घर सोडायचंय. लवकर सांगा.

उद्यमनगरी
लाईट किती व्होल्टची? वायरी किती? सायकल कुठली? सीट पोस्टला (सीटच्या दांड्याला) बसवायची का कॅरियरला? पॉवर बँकेला "जोडली" म्हणजे नेमकं काय केलं?

सायकलवेडा_४१६
भावा, हा सगळा खटाटोप कशाला? बाजारात यूएसबीवर चार्ज होणाऱ्या तयार टेललाईट मिळतात. सीट पोस्टला रबरानं अडकवायच्या, दोन मिनिटांचं काम. मी गेली दोन वर्षं तीच लावून पन्हाळा करतोय.

दुसरीपाळी
तयार होती. कॅरियरवर डब्याची पिशवी आणि रेनकोट असतो, त्याच्यामागं ती झाकून जाते. हे मला गेल्या आठवड्यात कळलं, एक टेम्पो कोपराला घासून गेला तेव्हा. ड्रायव्हर थांबून म्हणाला, "दिसलाच नाहीस." उतरून मागून बघितलं तर खरंच लाईट पिशवीमागं. म्हणून मोठी आणली.
सायकल साधी काळी, कॅरियरवाली. यूएसबी केबल कापून लाल-काळी वायर लाईटच्या दोन वायरींना पिळून लावली.

डायनॅमोकाका
आमच्या वेळी बाटलीचा डायनॅमो असायचा. ६ व्होल्ट, ३ वॅट. पुढचा दिवा, मागचा दिवा, सगळं त्याच्यावर. चार्जिंग नाही, पॉवर बँक नाही, विसरायची भानगड नाही. अजून मिळतो, तोच लावा. शाहूपुरीत मी स्वतः गेल्या दिवाळीत घेतला.

उद्यमनगरी
काका, डायनॅमोला माझा विरोध नाही, पण सिग्नलला थांबलं की दिवा जातो. मागून येणाऱ्याला सायकलवाला नेमका तिथंच दिसायला पाहिजे.

डायनॅमोकाका
आता कपॅसिटरवाले, म्हणजे थोडी वीज साठवणारे दिवे आहेत, थांबल्यावरही थोडा वेळ पेटलेले राहतात. माहीत करून घ्या आधी.

उद्यमनगरी
माहीत आहे काका. पण त्याच्याकडं जी लाईट आहे ती मोटारसायकलची, म्हणजे १२ व्होल्टची. आणि मूळ अडचण तीच दिसते. दुसरीपाळी, नीट बघा: यूएसबीतून ५ व्होल्ट येतात. तुमच्या लाईटमध्ये साधारण तीन-तीन लाल एलईडी एकामागोमाग जोडलेले असतात. एका लाल एलईडीला सुमारे २ व्होल्ट लागतात, म्हणजे तिघांना ६. वर रेझिस्टर. ५ व्होल्टमध्ये ती पेटणारच नाही. लाईट खराब नाही, तिला पुरेसा दाब मिळत नाही. वायरी किती ते अजून सांगितलं नाही.

दुसरीपाळी
तीन आहेत. मी दोन लावल्या, तिसरी मोकळी सोडली. तिचं काय करायचं असतं?

उद्यमनगरी
हे आधी सांगायचं न्हवं! तीन वायरी म्हणजे एक अर्थिंग (दोघींची सामायिक निगेटिव्ह), एक टेलची (मंद, कायम पेटलेली), एक ब्रेकची (प्रखर). रंग कंपनीकंपनीला वेगळे, त्यावर विश्वास ठेवू नका. ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी घ्या, दोन-दोन वायरी लावून बघा. ९ वर मंद पेटेल पण कळेल. ज्या एका वायरीवर बॅटरीचा निगेटिव्ह ठेवून बाकी दोन्ही पेटतात ती अर्थिंग. कमी पेटते ती टेल, जास्त पेटते ती ब्रेक. तुम्ही कदाचित टेल आणि ब्रेक एकमेकांना जोडल्या असतील.

जोतिबाचारस्ता
टॉर्च लावा. झूमवाली, पुढं लाल जिलेटिन कागद. माझ्याकडं हँडलला आहे तसली, एकदम लांब पडते.

सायकलवेडा_४१६
टॉर्चचा झोत अरुंद असतो. बरोबर मागं आहे त्याचे डोळे दिपतील आणि बाजूनं येणाऱ्याला काहीच दिसणार नाही. आणि पांढऱ्या प्रकाशात लाल भाग थोडाच असतो, लाल कागद बाकीचा सगळा गिळतो. बॅटरी पूर्ण जळते आणि बाहेर थोडाच प्रकाश येतो. लाल एलईडीच पाहिजे. शिवाय हँडलच्या टॉर्चचा इथं काय संबंध, विचारलंय मागच्या लाईटचं.

जोतिबाचारस्ता
मी पुढच्याचंही सांगितलं, उपयोगी पडेल म्हणून. अंधारात खड्डा दिसला नाही तर मागं कितीही लाल लावा.

दुसरीपाळी
पुढची आहे माझ्याकडं. मागचं सांगा. बारा वाजत आले.

केबलवाली
सोपं आहे. वायफाय राऊटर पॉवर बँकेवर चालवायची केबल मिळते, एका टोकाला यूएसबी, दुसऱ्या टोकाला गोल पिन, ५ चे १२ व्होल्ट करते. मोबाईल ॲक्सेसरीच्या दुकानात विचारा, लोड शेडिंगमुळं सगळे ठेवतात. १२ वाली मागा, ९ ची पण असते. गोल पिन कापा, पिनच्या आतल्या भागाला जाणारी वायर बहुतेक वेळा प्लस असते, पण मल्टीमीटर लावून खात्री करा. झालं. माझ्या भावाच्या सायकलला असंच केलंय.

पीडीप्रेमी
पॉवर बँक टाईप-सीवर १२ व्होल्ट देत असेल तर छोटा ट्रिगर बोर्ड (पॉवर बँकेकडून १२ व्होल्ट मागून घेणारा) लावा. केबलपेक्षा कमी वीज वाया जाते.

केबलवाली
सगळ्या पॉवर बँका १२ देत नाहीत, काही ९ वर थांबतात. त्याला आज अडीचला निघायचंय, ऑनलाईन बोर्ड मागवून कधी यायचा?

उद्यमनगरी
केबलवाली बरोबर बोलतायत. फक्त टेलची वायर जोडा, ब्रेकची नको. टेल समजा ०.१ अँपिअर घेत असेल तर १.२ वॅट. १०,००० एमएएचच्या पॉवर बँकेत सुमारे ३७ वॅट-तास असतात, रूपांतरात थोडे जातात, तरी पंचवीसेक तास चालेल. ब्रेकची वायर ०.४ घेत असेल तर सहाएक तासच.

दुसरीपाळी
पण मला प्रखरच पाहिजे. टेम्पोवाल्याला दिसली पाहिजे.

सायकलवेडा_४१६
मोटारसायकलची टेल मंद म्हटली तरी आपल्या बोटाएवढ्या लाईटपेक्षा मोठी असते. मोठा चौकोन लांबून ओळखू येतो. ब्रेकची कायम पेटवली तर मागच्याला वाटतं तुम्ही थांबताय, आणि मागून सायकलवर येणाऱ्याला त्रास. मी म्हणतो टेल कायम, आणि ब्लिंक करणारी छोटी लाईट हेल्मेटला.

डायनॅमोकाका
ब्लिंक चुकीचं. लुकलुकणाऱ्या दिव्यावरून अंतर समजत नाही. जर्मनीत सायकलला लुकलुकता मागचा दिवा चालत नाही.

सायकलवेडा_४१६
जर्मनीत हायवेवर अंधारात ऊस घेऊन ट्रॉल्या पण नसतात काका. इकडं हंगामात दोन-दोन ट्रॉल्या, मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर. एकदा उजळाईवाडीजवळ दहा फुटांवर आल्यावर मला ट्रॉली दिसली. आपण लाईट लावायची आणि त्यांनी काहीच लावायचं नाही.

केबलवाली
खरं आहे. शिरोलीच्या बाजूला पण तेच. यावर वेगळा धागा काढूया, इथं त्याची लाईट पेटू दे.

उद्यमनगरी
दुसरीपाळी, आता बसवायचं. सीट पोस्ट विसरा, पिशवी असते ना. कॅरियरच्या शेवटच्या आडव्या सळीला लावा. शिवाजी उद्यमनगरात कुठल्याही फॅब्रिकेटरकडं ३ मिमीची ॲल्युमिनियम पट्टी घेऊन इंग्रजी एलसारखी वाकवून घ्या, लाईटच्या भोकांत जाईल त्या मापाची दोन भोकं पाडायला सांगा. पट्टी आणि सळीच्या मध्ये जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळा, वरून दोन पाईप क्लॅम्प. नट साधे नको, नायलॉकचे (आत नायलॉनचं कडं असलेले); काळ्या सायकलची थरथर साधे नट तीन दिवसांत सोडवते. लाईटचं तोंड सरळ मागं, रस्त्याशी काटकोनात. वर बघितली तर आकाशात जाते, खाली बघितली तर चाकावर. वायर कॅरियरखालून आणा, लाईटपाशी थोडी ढिली ठेवा नाहीतर जोडाजवळ तुटते.

सायकलवेडा_४१६
आणि पॉवर बँक पिशवीत डब्यासोबत नको. आमटी सांडली की संपलं. दुधाची पिशवी धुऊन त्यात घालून सीटखाली बांध.

जोतिबाचारस्ता
सीटची उंची पण बघून घ्या, काळ्या सायकलीवर सगळे खाली ठेवतात, गुडघे जातात.

दुसरीपाळी
(पावणेदोन) केबल मिळाली, ९ व्होल्टच्या बॅटरीनं अर्थिंग सापडली. तुम्ही म्हणालात तसंच, मी टेल आणि ब्रेक जोडत होतो. आता पेटली! आईनं गल्लीच्या टोकाला उभं राहून बघितली, म्हणाली, "मोटारसायकल आली वाटलं." फॅब्रिकेटर जेवायला गेलाय, आज क्लॅम्प आणि केबल टायनं बांधून जातो. पट्टी उद्या.

उद्यमनगरी
छान. बांधल्यावर पिशवी अडकवून परत वीस पावलं मागं जाऊन बघा. पिशवी लाईटवर लोंबली तर सगळं तसंच राहील.

दुसरीपाळी
बघितलं. पिशवीचा बंद खाली येत होता, गाठ मारून वर घेतला. रात्री बारापर्यंत घरी पोचलो की सांगतो. ब्रेकची मोकळी वायर तशीच सोडू का टेप लावू?

केबलवाली
टेप लाव. दोन वेढे. ओल लागली तर शॉर्ट होईल.

डायनॅमोकाका
टेपवर मेणबत्तीचं मेण पण लावा. आणि पोचल्यावर नक्की कळवा, मी जागाच असतो.